गोधड्यांचा स्टुडिओ

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या सगळ्या प्रकरणात मी इतकी शहाण्यासारखी वागले आहे की सांगताना माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

आमचं गाव वाशीमकडल्या शिरपूरच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागून. घरी बागायत. वांगी, मिरची, सांबार. तुमच्याकडं त्याला कोथिंबीर म्हणत असतील. मी मात्र पाचवीपासून बाहेर. शाळा दूरची, निवासी. कॉलेज त्याहून दूर, दिल्लीला. तिथं हॉस्टेलच्या गच्चीवर बसून जग सुधारण्याच्या गप्पा मारता मारता एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. शेतकऱ्याला सल्ला सगळे देतात, पण त्याच्या बोलीत कुणी देत नाही. फोन वाजतो, पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणते, 'आपल्या पिकाचे नियमित निरीक्षण करावे', आणि आमचे बाबा 'बरं बाई' म्हणून फोन खिशात टाकतात. हे बदलायला हवं. कोण बदलणार? दुसरं कोण दिसतंय तुम्हाला? आले मी परत.

बाबांना काही ते पटलं नाही. "तथी शिकली, नोकरी लागून राह्यली होती, अन् इथी येऊन का वांगे तोडशीन?" असं रोज सकाळी. शेवटी आईनं मध्ये पडून तोड काढली. दिवाळीपर्यंत मुदत. तोवर घरी बसून करण्यासारखं काही जमलं तर राहायचं. नाही जमलं तर मुकाट्यानं शहरात जाऊन नोकरी धरायची.

आणि दिवाळी तोंडावर आलेली असताना ते काम समोर आलं. पुण्याची एक संस्था शेतकऱ्यांना फोनवर आवाजी संदेश पाठवणार होती, आणि त्यांना हवा होता वऱ्हाडी आवाज. घरूनच रेकॉर्ड करून द्यायचं. आधी आवाजाचा एक छोटा नमुना पाठवा, शनिवारी संध्याकाळपर्यंत. आवडला तर काम तुमचं. मी ते वाचलं आणि दारातल्या बकरीलासुद्धा मिठी मारली.

आता शहाणपणाला सुरुवात झाली.

नमुना फोनवरही रेकॉर्ड करता आला असता. त्यांनी तसं लिहिलंही होतं. पण मी म्हटलं, आपल्या माणसांसाठी करायचं तर उत्तमच करायचं. मग मी माइकचा अभ्यास सुरू केला. एखाद्यानं स्पर्धा परीक्षेचा करावा तसा. माइकच्या मुख्य जाती दोन. एक डायनॅमिक. त्याच्या तोंडाजवळ बोललं तरच त्याला ऐकू येतं, आजूबाजूच्या गोंधळाकडं तो लक्ष देत नाही. दुसरा कंडेन्सर. त्याला सगळं ऐकू येतं. तुमचा श्वास, जिभेची हालचाल, मनातली शंका. झाडून सगळे जाणकार व्हिडिओत सांगत होते की घर गजबजलेलं असेल तर पहिला घ्या.

मी दुसरा घेतला. का? कारण मला खरेपणा हवा होता. आवाजाचा कण न् कण हवा होता. हे वाक्य मी तेव्हा आरशासमोर म्हटलेलं आहे.

सॉफ्टवेअरचंही तसंच. एक होतं फुकटचं, साधं. लाल बटण दाबा, बोला, थांबवा. दुसऱ्यात विमानाच्या कॉकपिटसारखी बटणं होती. इथंही मी दुसरंच उतरवून घेतलं. तीन दिवस मी त्यात रेकॉर्डचं बटण शोधत होते. चौथ्या दिवशी गुपचूप पहिल्याकडं परत आले.

मग कानाला हेडफोन लावून पहिली चाचणी घेतली. बाप रे. मला माझा आवाज सोडून सगळं ऐकू आलं. टिनावर चालणारं कबुतर. आईची फोडणी. रस्त्यावरून शिरपूरच्या मंदिराकडं जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बसचा हॉर्न. देवरावकाकांची पिठाची चक्की. शेजारच्या शांताकाकूंच्या बांगड्या, आणि त्या बांगड्या चालू असताना काकू माझ्याबद्दल काय म्हणत होत्या तेही. ("पोट्टी दिवसभर त्या खोलीत एकलीच बडबडून राह्यली. शिकून शिकून असं होते का?")

खोलीला आवाजबंद करायला हवं होतं. त्यासाठी स्पंजाचे तक्ते मिळतात म्हणे. मी वाशीमला दोन-चार दुकानं पालथी घातली. एकानं गादीचा फोम दाखवला, दुसऱ्यानं भांडी घासायचा. शेवटी एका व्हिडिओत उपाय सापडला: जाड पांघरुणं चहूबाजूंनी टांगा, आवाज त्यात मुरतो. पांघरुणं? गोधड्या तर आपल्याकडं घरोघरी. जुन्या लुगड्यांच्या, हातानं टाचलेल्या, उचलताना कंबर धरावी अशा. देशी साउंडप्रूफिंग. मला तर त्यात क्रांतीच दिसायला लागली.

घरच्या पुरेनात. म्हणून मी गल्लीत मागायला निघाले.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर आता कपाळाला हात लावला असेल. मी तिथलीच, पण मला माहीत नव्हतं. आमच्याकडं शेजारी जाऊन गोधड्या एकाच कारणासाठी मागतात. मोलाचे पाहुणे मुक्कामी येणार असतील, तर. आणि लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना असे पाहुणे कशासाठी येतात, ते कुणाला सांगावं लागत नाही.

पहिल्या शांताकाकू. अंगणात सूप घेऊन तूरडाळ पाखडत बसल्या होत्या.

"काकू, दोन गोधड्या द्याल का? शनिवारपर्यंत."

"कायले वं?"

इथं मला एक सरळ वाक्य बोलायचं होतं. मी माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवणार आहे, बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून गोधड्या टांगायच्या आहेत. संपलं. पण मी म्हटलं, यांना कंडेन्सर कुठं समजावत बसू? आणि उद्या काम नाही मिळालं तर गल्लीभर हसू. म्हणून मी म्हणाले, "शनिवारी एक काम आहे. पुण्याची माणसं आहेत."

सूप थांबलं. "चांगले लोक हायत का?"

"फार चांगले. शेतकऱ्यांसाठी काम करतात."

"अन् तुले पसंत हाय?"

"मला आहेच हो. त्यांना पसंत पडायला पाहिजे."

"म्हंजे मंग तू चालली पुन्याले."

"नाही ना काकू, तेच तर. त्यांनी हो म्हटलं तर मी कुठंच जाणार नाही. इथंच राहणार, याच घरी. तशीच बोली आहे."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "इथी? तुह्या बापाच्या घरी?"

"हो."

"तयार हायत ते?"

"त्यांचीच अट आहे तशी."

काकूंनी पदर नीट केला. मग हळूच म्हणाल्या, "अन् पाह्याले कोन कोन येनार?"

"पाहायला कुणी नाही. दिसण्याशी त्यांना काही घेणं नाही. नुसता आवाज ऐकणार, आणि त्याच्यावरून ठरवणार."

काकूंचा चेहरा एकदम पालटला. डोळ्यांत पाणी. उठल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिने, मन मोठं हाय व माय तुहं."

मला वाटलं, निघाला कुणीतरी एक माणूस ज्याला माझं ध्येय कळलं. मीही गहिवरले. म्हणाले, "कुणीतरी मन मोठं करायलाच हवं काकू. नाही तर अशांकडं कोण पाहणार?"

'अशांकडं' म्हणजे शेतकऱ्यांकडं. मला तेच म्हणायचं होतं.

काकूंनी दोनच्या जागी चार गोधड्या दिल्या. एक तर कोरी होती, लेकीच्या बाळंतपणासाठी शिवून ठेवलेली. पुढच्या घरी गेले तर तिथं गोधड्या दारातच घडी करून ठेवलेल्या. त्याच्या पुढच्या घरी उशाही. कुणीही कारण विचारलं नाही. सगळ्या बाया माझ्याकडं अशा बघत होत्या जशी मी सैन्यात भरती होऊन सीमेवर निघालेय. मी मनात म्हटलं, उगाच लोक गावाला नावं ठेवतात. किती समंजस आहेत हे.

राहिले देवरावकाका, चक्कीवाले. त्यांच्याकडं गेले. शनिवारी दुपारी जरा वेळ चक्की बंद ठेवाल का?

"जरा वेळ कायले, दिवसभर बंद ठेवतो," काका म्हणाले. मग थोडं घुटमळले. "पोरी, थ्या नालीचं कसं करशीन?"

गल्लीच्या तोंडाशी नाली आहे. तिच्यावरची फरशी कधीची फुटलेली. परत आल्यापासून त्या फरशीबद्दल मी गल्लीला निदान चारदा भाषण दिलं होतं. लोक ऐकून घेत आणि नालीवरून उडी मारून घरी जात. काकांनी स्वतःहून विषय काढलेला पाहून मला भरूनच आलं.

"तेच तर मी सांगत होते काका. आपण उडी मारून जातो, आपल्याला काही वाटत नाही. पण म्हातारं माणूस असेल, ज्याला दिसत नाही असा माणूस असेल, त्याचा विचार करायला नको का?"

"ज्याले दिसत नाई," काका म्हणाले.

"हो."

"बिलकुलच?"

"बिलकुल नाही असंही कुणी असू शकतं ना."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "तू फिकर नको करू. पाय ठेचू नाई देत आमी त्याचा."

एवढं झालं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि आईच्या कानावर कसं गेलं नाही, असं विचाराल, तर आमच्याकडं सोयरिकीची गोष्ट पक्की होईपर्यंत घरच्यांच्या तोंडावर कुणी काढत नाही. बोललं की मोडते म्हणतात. त्यामुळं सगळ्या गल्लीला ठाऊक, सगळी गल्ली कामाला लागलेली, आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. आई दिवसभर वावरात. मी खोलीत गोधड्या टांगतेय.

शनिवारी सकाळी बाहेर आले तर गल्ली ओळखू येईना. शेणाच्या पाट्या गायब. वाटेतले दगड उचललेले. कुणाची तरी बैलगाडी नेहमी आडवी असायची, ती मागं नेऊन लावलेली. कुत्री बांधलेली. आणि नालीवर फरशी! कोरी, जाड, सिमेंटनं नीट बसवलेली. ती देवरावकाकांनी आपल्या घराच्या पायरीची काढून आणली होती, हे मला फार नंतर कळलं.

मी काय समजले असेन? मला वाटलं, माझ्या भाषणांचा परिणाम झाला. खरंच तसं वाटलं मला. मी त्या फरशीवर उभी राहून फोटोसुद्धा काढला.

दुपारी गोधड्यांच्या तंबूत शिरले. बाहेर ऊन, आत मी, माइक, लॅपटॉप आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा वास. एका गोधडीला हळदीचा, एकीला तंबाखूचा, एकीला लहान पोराचा. घाम कोपरावरून गळत होता. पण शांतता अशी, की बाहेर माणूस उरला नाही जणू. कबुतरंसुद्धा कुणी हाकलली होती कोण जाणे. मी लाल बटण दाबलं आणि वांग्यावरच्या अळीबद्दल वाचायला लागले. मजकूर माझाच. दिल्लीत शिकलेलं सगळं मी त्यात घातलं होतं आणि शेवटी 'हाय' आणि 'नाई' लावून वऱ्हाडी केलं होतं.

वाचन इतकं सुरेख झालं की शेवटच्या वाक्याला माझा मलाच अभिमान वाटला. आणि तेवढ्यात गोधडी वर झाली. बाबांचं डोकं आत आलं.

ते शेलूबाजारला भाजी घेऊन गेले होते. मिरचीच्या गोण्या उतरवायच्या आधीच तिथं कुणीतरी त्यांचा हात धरून म्हणालं होतं, तुमची पोरगी देवमाणूस आहे, अन् तुम्हीही. गोण्या ओळखीच्याकडं टाकून बाबा तसेच गाडीवर निघाले होते. डोळे लाल, केस उभे.

"कुठी हाय तो?"

"कोण?"

"तुले आवाजावरून पसंत करनारा. मले न सांगता ठरवलं? बाप मेला होता का मी?"

मी बाहेर आले. अंगणात आई उभी होती, कपाटातलं जरीचं लुगडं नेसून. शांताकाकूंनी तासाभरापूर्वी तिला वावरातून बोलावून आणलं होतं. काकूंच्या हातात पोह्यांची परात. दारापासून नालीपर्यंत माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी, चप्पल काढून, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. सगळे माझ्या मागं पाहत होते, आतून अजून कुणी बाहेर येतं का ते.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. मी तिथंच, पोह्यांच्या वाफेत, पहिल्यांदा ते सरळ वाक्य बोलले. कुणी मुलगा नाही. मी आवाज रेकॉर्ड करत होते. गोधड्या त्यासाठी होत्या.

कुणी हसलं नाही. हसले असते तर फार बरं झालं असतं.

"मंग आंधया पोरगा? ज्याले दिसत नाई तो?" कुणीतरी विचारलं.

"कुणीच नाही."

देवरावकाका नालीकडं बघत म्हणाले, "तं मंग फरशी कोनासाठी टाकली आमी?"

जिच्याबद्दल मी चारदा भाषण दिलं होतं आणि सकाळी जिच्यावर उभं राहून फोटो काढला होता, तीच ती फरशी.

शांताकाकूंनी परात खाली ठेवली. "असो. पोहे झाले हायत, ते तं खा," म्हणाल्या, आणि सगळ्या गल्लीनं आमच्या अंगणात बसून, न आलेल्या पाहुण्यांचे पोहे खाल्ले.  बाबा मिरचीच्या गोण्या आणायला परत निघून गेले.

संध्याकाळी मी बाबांचा आवाज शेवटून कापला आणि नमुना पाठवून दिला. आई माझ्याबरोबर गोधड्या उतरवत होती. एक घडी माझ्या हातात देत म्हणाली, "पह्यले लई रडू आलं मले. मंग म्हनलं, तिनं निवडला असन तं चांगलाच असन. मी तं मनात हो म्हनून टाकलं होतं, मिने."

मी घडी घालत राहिले. ज्या गल्लीला मी सुधारायला आले होते, तिनं एका न पाहिलेल्या, आंधळ्या जावयासाठी एका रात्रीत वाट मोकळी केली होती. आणि मी तिला दोन गोधड्या कशाला हव्यात हे सांगण्याच्या लायकीची समजले नव्हते.

संस्थेचं उत्तर आलं. फार सभ्य उत्तर. रेकॉर्डिंग अतिशय स्वच्छ आहे, आवाज चांगला आहे. मात्र ऐकून शेतकऱ्यानं नेमकं काय करायचं, ते आमच्यातल्या कुणालाही कळलं नाही. क्षमस्व.

मी बाबांना ते वाचून दाखवलं. वाटलं, आता म्हणतील बॅग भर. त्यांनी वांग्याचं देठ कापता कापता नुसतं म्हटलं, "दिवाळीले येळ हाय अजून."

दुसऱ्या दिवशी गोधड्या परत करायला निघाले. देवरावकाकांकडं गेले तेव्हा त्यांच्या घराला पायरी नव्हती. लाकडाच्या ओंडक्यावर पाय देऊन आत जावं लागलं. फरशी परत घेऊन जा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. आता सवय झाली सगळ्याईले."

शेवटी शांताकाकू. चारही गोधड्या पुढं केल्या. काकूंनी इकडं-तिकडं पाहिलं, मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, "खरं सांग, पोरगा होता ना? लोकाईसमोर लपवलं तं लपवलं. मले तं सांग. त्यायनं आवाज आयकून नाई म्हनलं का?"

मी म्हणणार होते, काकू, खरंच कुणी नव्हतं. सगळं पहिल्यापासून समजावणार होते, माइकच्या दोन्ही जातींसकट. पण संस्थेच्या उत्तरातली ती 'कुणालाही कळलं नाही' ही ओळ आठवली. आणि म्हटलं, या बाईशी एकदा तरी खरं बोलावं.

"हो काकू. आवाज ऐकला, आणि नाही म्हणाले."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग चारपैकी दोन गोधड्या, त्यातली ती कोरी, परत माझ्याच हातावर ठेवल्या.

"या ठेव तुह्यापाशीच. एकानं नाई म्हनलं म्हनून का झालं, दुसरं येईनच. फक्त पुढच्या येळी आधी सांगजो, जेवाले किती जन हायत ते."